किल्पेकचे संत मेरी व संत डेव्हिड चर्च : इतिहास आणि वास्तू

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की आधी स्थापनेचा कागद शोधावा लागतो. किल्पेकच्या चर्चपुरता असा आधार म्हणजे ११३४ सालचे दान. किल्पेक हे इंग्लंडच्या हेरेफर्डशर परगण्यातले, वेल्सच्या सीमेजवळचे खेडे. तिथला जमीनदार ह्यू फिट्झविल्यम याने त्या वर्षी गावातले संत डेव्हिडचे चर्च आणि आपल्या गढीतले संत मेरीचे प्रार्थनामंदिर ग्लॉस्टरच्या संत पीटर मठाला अर्पण केले. आज उभी असलेली इमारत त्यानंतर लवकरच, ११४० च्या सुमारास बांधली गेली, असे अभ्यासक मानतात. चर्चच्या आजच्या नावात त्या दानातले दोन्ही संत एकत्र नांदतात.

जागा मात्र दानापेक्षा जुनी आहे. नॉर्मन लोक येण्याआधी हा मुलूख एर्गिंग या वेल्श राज्याचा होता. इंग्रजी कागदांत त्याला आर्चनफील्ड म्हणतात. दक्षिण वेल्समधील लँडॅफच्या धर्मपीठाने बाराव्या शतकात आपल्या जुन्या दानांची एक मोठी पोथी तयार करवली. तिच्यात किल्पेकच्या चर्चचा उल्लेख सातव्या शतकातल्या दानाच्या संदर्भात येतो. संत डेव्हिड हा वेल्सचा राष्ट्रसंत, त्यामुळे मूळ चर्च त्याच्या नावाचे असणे स्वाभाविकच होते. सभागृहाच्या ईशान्य कोपऱ्यात भिंतीचा एक तुकडा बाकीच्या बांधकामाशी जुळत नाही. तिथले दगड वेगळ्या पद्धतीने बसवलेले आहेत. हा तुकडा नॉर्मनपूर्व काळातला समजला जातो. नवे चर्च बांधताना तो पाडला नाही, तसाच सामावून घेतला. या वास्तूतला मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग तोच आहे. दक्षिणेच्या कोरीव प्रवेशद्वारावर खिळलेली नजर तिथवर सहसा पोहोचत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

१०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राजा विल्यमने सीमेवरचे मुलूख आपल्या सरदारांना वाटले. किल्पेक विल्यम फिट्झनॉर्मनच्या वाट्याला आले. १०८६ च्या डूम्सडे या महसुली पाहणीत त्याचे नाव आहे, आणि इथले लोक साऱ्यात मध देत असल्याची नोंदही आहे. मधाच्या रूपात सारा ही या वेल्श मुलखाची जुनी रीत, नव्या मालकांनीही ती चालू ठेवली. मातीचा उंच ढिगारा घालून त्यावर गढी उभी राहिली. गढीच्या पूर्वेला चर्च आणि त्यापलीकडे मातीच्या बांधाने वेढलेले गाव, अशी ही रचना होती. दान देणारा ह्यू याच विल्यमचा मुलगा. दानाबरोबर ग्लॉस्टरच्या बेनेडिक्टाइन संन्याशांचा एक लहानसा मठही किल्पेकला आला. सीमेवरचा सरदार, त्याची गढी, मोठ्या मठाचे पाठबळ आणि बांधाच्या आत भरणारे गाव, असा सगळा जम त्या पिढीत बसला होता. पुढे राजा जॉनसुद्धा इथे मुक्कामाला आला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे किल्पेक हे आडबाजूचे खेडे मुळीच नव्हते.

आता वास्तू. आराखडा अगदी साधा आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे एकामागोमाग तीन भाग येतात : लोकांनी जमायचे लांबट सभागृह, त्याहून अरुंद वेदीगृह आणि शेवटी अर्धवर्तुळाकार टोक. बाजूच्या ओवऱ्या नाहीत, मनोरा नाही. पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवर घंटेपुरती छोटी चौकट आहे, एवढेच. भिंती जाड, खिडक्या लहान, बाहेरून चपटे धिरे. दगड इथलाच, लालसर वालुकाश्म. भूशास्त्रज्ञ त्याला प्राचीन लाल वालुकाश्म म्हणतात, आणि सगळ्या हेरेफर्डशरची माती त्याच्यामुळेच तांबूस आहे. कोरीव कामासाठी वापरलेला दगड विलक्षण टणक निघाला. जवळजवळ नऊ शतकांच्या पावसातही सापाच्या अंगावरच्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत.

आत शिरल्यावर सभागृह आणि वेदीगृह यांच्यामधली कमान दिसते. तिच्या दोन्ही बाजूंच्या स्तंभांवर संतांच्या आकृती एकावर एक रचल्या आहेत, प्रत्येक बाजूस तीन. हातातल्या किल्लीवरून त्यांतला पीटर ओळखता येतो. स्तंभावर माणसे अशी एकावर एक उभी करण्याची पद्धत इंग्लंडमध्ये दुर्मीळ आहे. तिचे जवळचे नाते स्पेनमधल्या सान्तियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्राच्या दक्षिणद्वाराशी लावले जाते. हे नाते कसे जुळले, ते पुढे येईल. कमानीपलीकडे अर्धवर्तुळाकार टोकावर दगडी घुमटी आहे आणि तिच्या नागमोडी कोरलेल्या फासळ्या माथ्यावर एकत्र येतात. लोकांच्या बाजूचा भाग मोकळा आणि साधा, वेदीजवळ जावे तसा दगड अधिक बोलका होत जातो. बाप्तिस्म्याचे कुंड मात्र भव्य असूनही जवळजवळ कोरे आहे. कारागिराला कुठे थांबायचे तेही कळत होते.

दक्षिणेचा दरवाजा हे या चर्चचे सर्वांत प्रसिद्ध अंग, आणि त्याची कीर्ती रास्त आहे. दारावरच्या अर्धवर्तुळाकार शिलापटावर एक वेल आहे. फांद्या दोन्हीकडे समतोल वळलेल्या आणि घोस लोंबणारे. हा जीवनवृक्ष. त्या काळच्या चर्चमध्ये दारावर बहुधा सिंहासनावर बसलेला ख्रिस्त असे. इथे त्या जागी झाड आहे. त्याच्याभोवतीच्या कमानीचा एकेक दगड म्हणजे एकेक प्राणी : चोच वासलेली तोंडे, स्वतःचीच शेपटी गिळणारे सर्प, पक्षी, राक्षसी मुखवटे, आणि या सगळ्या गर्दीत एक देवदूत. बाहेरच्या स्तंभांवर लांबच लांब साप एकमेकांत गुंतत खालीवर सरकतात. डावीकडच्या आतल्या स्तंभावर वेलींमध्ये अडकलेले दोन शस्त्रधारी पुरुष आहेत. अंगात रेघारेघांचा पोशाख आणि डोक्यावर टोकदार टोपी. उजव्या स्तंभशीर्षावर एक मुख आहे, त्याच्या तोंडातून पालवी फुटून दोन्ही बाजूंना पसरते.

या दरवाजापुढे उभे राहून अर्थ लावायचा मोह प्रत्येकाला होतो. साप म्हणजे पाप, झाड म्हणजे तारण, मधले योद्धे म्हणजे या संघर्षात सापडलेला माणूस, असे वाचन सहज करता येते आणि ते चुकीचेही नसावे. तरी माझे मत असे की कोरणाऱ्याला आकाराचा आनंद तितकाच महत्त्वाचा होता. सापाचे वळण जिथे संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते, आणि डोळा एकदा त्या रेषेवर चढला की खाली उतरत नाही. हा गुंफणीचा डौल उत्तर युरोपचा आहे. पश्चिम भिंतीतून बाहेर झेपावलेली, जिभा वळवलेली ड्रॅगनची तोंडे पाहिली की नॉर्वेतल्या लाकडी चर्चचे आणि त्याआधीच्या वायकिंग कोरीव कामाचे स्मरण होते. नॉर्मन हे मुळात उत्तरेचेच लोक, आणि इंग्लंडमध्ये डॅनिश राजांच्या काळापासून ही नक्षी परिचयाची होती. फ्रान्स आणि स्पेनकडची शिल्पकला, उत्तरेकडची गुंफण आणि वेल्श सीमेवरचा तांबडा दगड या तिन्हींचा मिलाफ एका खेड्याच्या दारावर झाला.

छपराच्या कडेखाली, चर्चला वळसा घालून, दगडी तोड्यांची रांग आहे. कडेचा पट्टा पेलण्यासाठी भिंतीतून पुढे काढलेले हे आखूड दगड. आज ८५ शिल्लक आहेत. १८४२ मध्ये जे नोंदले गेले त्यांपेक्षा सहा कमी. ससा आणि शिकारी कुत्रा शेजारी शेजारी मान टाकून बसले आहेत, डोळे गोल आणि कान लोंबते. व्यंगचित्रकाराने काल काढावेत इतके ते ताजे वाटतात. मेंढा आहे, डुक्कर आहे, वाद्य वाजवणारा आहे, एकमेकांना बिलगलेले जोडपे आहे, तोंडात माणसे धरलेले श्वापद आहे. अर्धवर्तुळाकार टोकाच्या बाजूला क्रूस धरलेला कोकरू, म्हणजे ख्रिस्ताचे प्रतीक, याच रांगेत बसवला आहे. पवित्र आणि अपवित्र यांची वेगळी पंगत मांडलेली नाही. सृष्टीत जे जे आहे ते ते छपराखाली आले आहे.

याच रांगेत एक स्त्रीची आकृती आहे. मोठे डोके, गोल डोळे, आणि दोन्ही हातांनी आपली योनी उघडून दाखवणारी. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा आकृतींना शीला-ना-गिग म्हणतात आणि किल्पेकची ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. मराठी वाचकाला इथे लज्जागौरी आठवणारच. रा. चिं. ढेरे यांच्या 'लज्जागौरी' या ग्रंथामुळे त्या मूर्तींची ओळख आपल्याकडे अभ्यासकांबाहेरही पोहोचली. दोन्हींचा ऐतिहासिक संबंध जोडण्याची घाई करू नये. लज्जागौरी ही पूजली जाणारी मातृदेवता आहे, शीला पूजेत नाही, छपराखाली आहे. तिच्याविषयी मते अनेक आहेत : वासनेविरुद्ध इशारा, दृष्ट आणि अशुभ टाळणारी आकृती, प्रसूतीची रक्षक. मला यांतले दुसरे मत अधिक पटते, कारण तिच्या चेहऱ्यावर शिक्षेचा मागमूस नाही. शेजारच्या तोड्यांवरच्या सशा-कुत्र्याइतकीच ती निर्धास्त आहे. एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांना मात्र ती पेलली नाही. ज्यांनी या चर्चवर पहिले मोठे पुस्तक काढले त्या जॉर्ज रॉबर्ट लुईस यांनी तिला छाती उघडी टाकलेला विदूषक ठरवले.

हे काम कोणाच्या हातचे? नावे उरलेली नाहीत, हात मात्र ओळखता येतात. किल्पेकसारखीच घडण हेरेफर्डशरमध्ये आणि आसपास आणखी अनेक ठिकाणी दिसते. इंग्लंडच्या रोमनेस्क, म्हणजे गॉथिकपूर्व गोल कमानींच्या शैलीच्या, शिल्पाचे मोठे अभ्यासक जॉर्ज झार्नेत्स्की यांनी आणि नंतर माल्कम थर्लबी यांनी या कामांचा बारकाईने अभ्यास केला. आज हा समूह 'हेरेफर्डशर शिल्पशाळा' या नावाने ओळखला जातो. शाळा म्हणजे इथे कारागिरांचा एक फिरता जथा समजावा. या जथ्याच्या कहाणीत शॉबडन हे गाव महत्त्वाचे. सरदार ह्यू द मॉर्टिमरचा कारभारी ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड याने तिथे चर्च बांधवले. हा ऑलिव्हर सान्तियागोची यात्रा करून आला होता. यात्रेच्या वाटेवर फ्रान्सच्या पश्चिम भागातली आणि स्पेनमधली नवीकोरी शिल्पे त्याने पाहिली. त्याच्याबरोबर कोणी कारागीर होता की वर्णने आणि रेखाटने तेवढी आली, याची चर्चा आजही चालते, पण किल्पेकच्या स्तंभावर एकावर एक उभे असलेले संत त्याच वाटेने आले, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे.

शॉबडनचे पुढे काय झाले, ते इथे थांबून सांगायला हवे, कारण किल्पेक का टिकले याचे उत्तर त्यात आहे. शॉबडनच्या मालकांकडे अठराव्या शतकातही पैसा होता आणि अभिरुचीही होती. १७५० च्या दशकात बेटमन घराण्याने जुने चर्च पाडून त्या जागी त्या वेळच्या फॅशनचे, नाजूक गॉथिक नक्षीचे, पांढरेशुभ्र चर्च उभे केले. ते सुंदर आहे, यात वाद नाही. जुन्या चर्चची कोरीव कमान आणि दारे टेकडीवर नेऊन बागेची शोभा म्हणून उघड्यावर मांडली. तिथे त्यांच्यावर अडीच शतके पाऊस पडला. लुईस यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांची चित्रे काढली म्हणून त्यांवर काय होते ते समजते. आज त्या दगडांवर आकृतींचे नुसते फुगवटे उरले आहेत. किल्पेकच्या दरवाजाचे सख्खे भावंड आपल्या डोळ्यांदेखत विरघळले.

किल्पेकवर अशी वेळ आली नाही, कारण किल्पेकला पैसाच उरला नाही. वेल्सची सीमा शांत झाली तसे गढीचे कारण संपले. चौदाव्या शतकात प्लेगची साथ आली आणि मुलूख खचला. बांधाच्या आतली वस्ती विरत गेली. आज तिथे गवताखाली घरांचे आणि रस्त्यांचे उंचवटे दिसतात. लहान मठ १४२८ मध्ये बंद होऊन ग्लॉस्टरच्या मूळ मठात विलीन झाला. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात ग्लॉस्टरचा मठही बरखास्त झाला आणि १५४१ मध्ये त्याचे कॅथीड्रल झाले. यादवी युद्धात राजाच्या बाजूने वापरलेली किल्पेकची गढी १६४५ मध्ये निकामी करण्यात आली. तिच्या भिंतीचे दोनचार तुकडे ढिगाऱ्यावर उरले आहेत. इंग्लंडमधल्या ज्या गावांत लोकर आणि कापडाचा पैसा खेळत होता, तिथे पंधराव्या शतकात चर्चच्या भिंती फोडून ओवऱ्या जोडल्या गेल्या, अर्धवर्तुळाकार टोके पाडून चौकोनी, मोठ्या खिडक्यांची वेदीगृहे बांधली गेली, मनोरे चढले. किल्पेकमध्ये यातले काहीच झाले नाही. होता तो आराखडा पुरला, कारण माणसे वाढली नाहीत.

ही गोष्ट सांगताना मला दरवेळी अवघडल्यासारखे होते. वारसा जपायचा तर गाव गरीब राहावे, असे कोणी म्हणू नये. किल्पेकच्या शेतकऱ्यांनी ती गरिबी भोगली, आणि आपण पाहायला येतो ते तिचे फळ. म्हणून त्यांच्या वाट्याचे श्रेय नोंदवायला हवे. गढी ओस पडली, मठ गेला, बाजार उठला, तरी चर्च चालू राहिले. उपासना होत राहिली, बाप्तिस्मे होत राहिले, माणसे त्याच अंगणात पुरली गेली. दर पिढीत धर्मग्रामातली दोन माणसे चर्चचे वॉर्डन म्हणून छपराची आणि हिशेबाची जबाबदारी घेत. दगडी वास्तू छप्पर गळू लागले की संपते. इथे ते शतकानुशतके शाकारले गेले, आणि ते करणाऱ्यांची नावे कोणत्याही कलेच्या इतिहासात नाहीत. शिल्पकारांचीही नाहीत, हे खरे, पण शिल्पकारांचे काम दिसते तरी.

धर्मसुधारणेच्या आणि नंतर प्युरिटन लोकांच्या काळात इंग्लंडभर मूर्ती फोडल्या गेल्या. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग या अधिकाऱ्याने पूर्वेकडच्या सफोक आणि केंब्रिज परिसरात शेकडो चर्चमधल्या काचा आणि प्रतिमा नष्ट केल्या. हेरेफर्डशर हा राजाच्या बाजूचा प्रदेश, तिथे त्या तडाख्याची तीव्रता कमी होती. शिवाय, माझ्या समजुतीप्रमाणे, किल्पेकच्या बाहेरच्या शिल्पांचा विषयच त्यांच्या रोखात बसत नव्हता. त्यांचा राग संतांच्या पूजेवर होता. दारावर झाड आणि साप, छपराखाली ससा आणि डुक्कर, यांची पूजा करतो असा आळ कोणावर घेणार?

बाहेरच्या जगाला किल्पेकचा शोध एकोणिसाव्या शतकात लागला. लुईस हे चित्रकार. शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इथे रेखाटने केली आणि १८४२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. प्रत्येक शिल्पामागे ठराविक धर्मशास्त्रीय अर्थ शोधण्याचा त्यांचा हट्ट आज पटत नाही. पण त्यांनी तोड्यांची एकेक करून चित्रे काढून ठेवली, म्हणून सहा गेल्याचे आज सांगता येते. नोंदीचे हे मोल कोणत्याही संस्थेने ध्यानात घ्यावे. १८४० च्या दशकातच एल. एन. कॉटिंगहॅम यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धाराला हात घातला गेला. हेरेफर्डच्या कॅथीड्रलचे कामही त्यांच्याकडे होते. पुढे १८६४, १८९८ आणि १९६२ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. व्हिक्टोरियन काळातल्या जीर्णोद्धारांनी इंग्लंडमधल्या पुष्कळ जुन्या चर्चचे चेहरे बदलले. झिजलेले शिल्प तासून 'नवे' करण्याची त्या काळी रीतच होती. किल्पेकमध्ये हात आवरला गेला. जुने काम इतके ठसठशीत होते की त्यात भर घालायला जागाच नव्हती, असे मला वाटते. आज ही वास्तू पहिल्या श्रेणीची संरक्षित इमारत आहे आणि अँग्लिकन धर्मग्रामाचे चालते चर्चही आहे.

वाचकांपैकी कोणी त्या बाजूला जाणार असेल तर एक विनंती. दक्षिणद्वार पाहून, छायाचित्र काढून परतू नका. चर्चला बाहेरून पूर्ण फेरी घाला, तीही दोनदा. पहिल्या फेरीत तोडे पाहा आणि दुसऱ्या फेरीत भिंती, म्हणजे ईशान्येचा तो जुना कोपरा चुकणार नाही. मग गढीच्या ढिगाऱ्यावर चढून गावाची मूळ मांडणी समजून घ्या. वेळ असेल तर त्याच परगण्यातल्या ईअर्डिस्ली इथले बाप्तिस्म्याचे कुंड गाठा. किल्पेकच्या दाराशी वेलीत अडकलेल्या पुरुषांसारख्याच रेघारेघांच्या पोशाखातले दोन योद्धे तिथे एकमेकांवर तुटून पडले आहेत, आणि शेजारी ख्रिस्त एका माणसाला मनगट धरून गुंत्यातून बाहेर ओढतो आहे. कॅसल फ्रोमचे कुंड आणि ब्रिन्सपचा घोड्यावरचा संत जॉर्ज हीदेखील त्याच जथ्याची कामे. ही सगळी लहान, आडवाटेची खेडी आहेत. शॉबडनच्या टेकडीवर शेवटी जा, आधी नको. आधी गेलात तर ते झिजलेले दगड काय होते, हे कळायला काहीच आधार नसेल.